पगारातला देवाचा वाटा: किती, कुणाला आणि कोणी ठरवायचा?

अबोली_भायखळा

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सध्या रविवारी देण्याच्या विषयावर उपदेश चालू आहेत. बायबलमधला मलाखी ३ (पूर्ण दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग आणा, मग आशीर्वाद मिळेल) झाला, आता २ करिंथ ८ आणि ९. उपासना संपली की तरुण संघात वाद सुरू होतो. एक म्हणतो, दशमांश पूर्ण पगारावर काढायचा, पीएफ आणि टॅक्स कापण्याआधीच्या आकड्यावर. दुसरा म्हणतो, जे हातात पडतच नाही त्याचा हिशेब देव कसा मागेल? तिसऱ्याला गावी पाठवायच्या पैशांचं कोडं पडलंय. या सगळ्यात एक मुलगी तोंडच उघडत नव्हती. घरावर कर्ज, वडील अंथरुणाला खिळलेले. नंतर जिन्यात मला म्हणाली, "ताई, अर्पणाची थैली जवळ आली की उठून बाहेर जावंसं वाटतं."

देवाच्या घरात कुणाला असं वाटत असेल तर आपलं काहीतरी बिनसलंय. म्हणून हा धागा.

माझं सांगते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. अंधेरीत नोकरी. पगार कागदावर ५२,०००, हातात साधारण ४८,०००. नालासोपाऱ्यात भाडं ११,०००. आईवडील संगमनेरकडे, त्यांना ८,०००. भावाची फी, विमा, किराणा, रेल्वेचा पास. उरतं ते फार नसतं. तरी मी देते आणि मला द्यायचंच आहे. लहानपणापासून आईला पगाराच्या दिवशी आधी देवाचं पाकीट वेगळं काढताना बघितलंय, ते अंगात मुरलंय.

माझं मत असं की टक्का हा दुय्यम प्रश्न आहे. अनुवाद १४:२८-२९ काढून वाचा. दर तीन वर्षांनी दशमांश गावातच साठवायचा आणि त्यावर कुणी जेवायचं? लेवी (मंदिराचे सेवक), परका, अनाथ आणि विधवा. चौघांची नावं एका ओळीत आहेत. आपण मात्र पहिल्याचंच तेवढं लक्षात ठेवलंय. उरलेले तिघे मुंबईत कुठे आहेत आणि आपल्या दशमांशातलं त्यांच्यापर्यंत काय पोहोचतं, यावर बोलू या. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहावं.

---

शिस्त_हवी

चांगला विषय. पण टक्का दुय्यम म्हणण्याशी मी सहमत नाही.

दहावा भाग नियमशास्त्राच्या आधीपासून आहे. अब्राहामाने मलकीसदेक या याजकाला (पुरोहिताला) दिला, याकोबाने बेथेलला नवस केला. येशूने परूश्यांना (कर्मठ धर्मपुढाऱ्यांना) झापलं ते पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडला म्हणून. पण त्याच वचनात (मत्तय २३:२३) तो म्हणतो, हे करायचं होतंच आणि तेही सोडायचं नव्हतं. म्हणजे दशमांश रद्द केला नाही.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर ठरलेला आकडा नसला की माणूस मनाला येईल तसं देतो. मनाला महिन्याच्या २५ तारखेला काय येतं ते आपल्याला माहीत आहे. मी पूर्ण पगारावर देतो. पीएफ हे माझेच पैसे आहेत, निवृत्तीनंतर मलाच मिळणार. मग त्यावर का नको?

---

अबोली_भायखळा

@शिस्त_हवी, पगार होताच बाजूला काढायचं, याला माझा पूर्ण पाठिंबा. प्रेषित पौलानेही १ करिंथ १६ मध्ये तेच सांगितलंय, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवा. पण तिथे "मिळकतीप्रमाणे" आहे, दहा टक्के नाही.

पीएफचा मुद्दा पटतो. फक्त मग निवृत्तीच्या वेळी त्याच रकमेवर पुन्हा द्यायचं का, हेही मंडळीत सांगायला हवं. नाहीतर वयस्कर माणसं उगाच अपराधी वाटून दोनदा देतात.

---

नगरचा_नातू

अबोलीताई, आईवडिलांना पाठवता ते ८,००० देवाच्या हिशेबात धरायचे की नाही, यावर येशूनेच निकाल दिलाय. मार्क ७. लोक आईबापांना म्हणायचे, "तुम्हाला माझ्याकडून मिळालं असतं ते कुर्बान आहे," म्हणजे देवाला वाहिलं, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवायचे. येशू म्हणाला, तुम्ही आपल्या रूढीने देवाचं वचन रद्द करता. पुढे १ तीमथ्य ५:८ मध्ये पौलाने तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट म्हटलंय.

माझे आजोबा श्रीरामपूरकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. पगार तुटपुंजा. त्यातून चर्चला देत, पण आधी आपल्या आंधळ्या बहिणीचा खर्च काढत. कुणी विचारलं तर म्हणत, ती माझ्या दारातली विधवा आहे, तिला ओलांडून वेदीपाशी कसा जाऊ?

तेव्हा त्या जिन्यातल्या मुलीला सांगा, वडिलांचं औषध आणतेस तेव्हा तू आज्ञाच पाळत असतेस. मान वर करून उपासनेला बस.

---

शिस्त_हवी

@नगरचा_नातू, आईवडिलांचं करायचंच. पण ते पाचव्या आज्ञेखाली, दशमांशाखाली नाही. दोन्ही एकात घातलं तर ज्याच्या घरी म्हातारे आहेत तो चर्चला शून्य देणार. पाळकांचा (पास्टरांचा) पगार मग कुठून यायचा?

---

जुना_खजिनदार

बँकेतून निवृत्त झालो, त्यानंतर मंडळीचा खजिनदार म्हणून काम केलं. पाळकांच्या पगाराचा प्रश्न निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण याबद्दल सभासदांना फार थोडं माहीत असतं.

मराठी मंडळ्या मुंबईत जुन्या. अमेरिकन मिशनरी १८१३ साली इथे उतरले, जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक पैसा परदेशातून यायचा. पाळक, शिक्षक, इमारती, दवाखाने, सगळ्याला. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांना चर्च चालवण्याचा खर्च कधी पूर्ण दिसलाच नाही. अर्पण म्हणजे भक्तीचं प्रतीक, चार आणे, आठ आणे. आता तो स्रोत आटलाय, पण हात अजून चार आण्यांचाच आहे. आजही थैली उघडली की १० आणि २० च्या नोटा जास्त निघतात. त्याच रविवारी बाहेर पडून कुटुंब हॉटेलात १,२०० चं बिल देतं. मला कुणाच्या जेवणावर बोलायचं नाही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत.

लहान मंडळीच्या खर्चात काय काय येतं? पाळकांचा पगार, पीएफ, त्यांच्या घराचं पाणी-वीज, चर्चचं वीजबिल, सफाई करणाऱ्या माणसाचा पगार, धर्मप्रांताला द्यायचा वाटा, ऑडिटरची फी, पावसाळ्याआधी छपराचं काम. भायखळा-गिरगावातल्या दगडी इमारती शंभर वर्षं ओलांडलेल्या असतात, एकदा गळायला लागलं की वर्षाचं अर्पण एका जूनमध्ये संपतं. मग पाळकांचा पगार थकतो. त्यांची बायको शाळेत नोकरी करून घर चालवते आणि आपण त्यांना "प्रभू पुरवील" म्हणतो. प्रभू पुरवतो तो आपल्याच खिशातून.

हे नहेम्याच्या १३ व्या अध्यायात जसंच्या तसं आहे. यरुशलेमचा कारभारी नहेम्या परत आला तेव्हा लेवी मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते, कारण त्यांचा वाटा त्यांना मिळत नव्हता. नहेम्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, दशमांश सुरू केला आणि लगेच पुढच्या वचनात कोठारांवर माणसं नेमली. का तीच? कारण ती विश्वासू मानली जात होती. देणं आणि हिशेब ही दोन्ही कामं त्याने एकाच दमात केली. आपण पहिल्यावर उपदेश करतो, दुसऱ्यावर नाही.

आणखी एक. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा दशमांशातला नव्हता. २ राजे १२ वाचा. योवाश राजाच्या काळात यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ ठेवली. दुरुस्तीसाठी ती वेगळी पेटी. आपल्याकडे मात्र सगळं एकाच थैलीत जातं आणि छप्पर गरिबांचा वाटा खाऊन टाकतं. त्यामुळे अबोलीताईंचा मुद्दा मला मान्य आहे.

---

वाचक_गोरेगाव

खजिनदार काका, त्याच २ राजे १२ मध्ये पुढे लिहिलंय की काम करवून घेणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. मग ऑडिटचा एवढा आग्रह कशाला? दिलं की सोडून द्यावं, पुढचं देव बघेल. मी तरी असंच करतो आणि मनाला शांती असते.

---

जुना_खजिनदार

@वाचक_गोरेगाव, १५ वं वचन तुम्ही बरोबर सांगितलंत. पण त्याआधीचं १० वं बघा. पेटीत पैसे झाले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून यायचे आणि मोजून थैल्यांत बांधायचे. एकट्याने नाही. विश्वास होता म्हणून सुतार-गवंड्यांच्या मजुरीचा काथ्याकूट केला नाही, पण पेटी उघडताना दोन माणसं हजर होतीच.

पौल तर याहून कडक. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले, कुणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). स्वतः प्रेषित असून त्याला सोबत्यांची गरज वाटली.

आणि आपल्याकडे कायदाही आहे. चर्च ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब तपासून वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. ते सरकारला दाखवायचे आणि सभासदांना नाही, हे मला कधी पटलं नाही.

---

मी_अनामिक

खरं नाव देत नाही, कारण नातेवाईक इथे वाचतात.

आमच्या आईने एका फेलोशिपमध्ये (आमच्या जुन्या चर्चशी संबंध नाही) सोन्याच्या बांगड्या दिल्या. वडिलांचं डायलिसिस चालू होतं. तिला सांगितलं होतं, विश्वासाचं बी पेर, शंभरपट येईल, आणि दशमांश थकवलास म्हणून खाऊन टाकणारा घरात शिरलाय. वडील गेले. त्यानंतर तिला ऐकवलं की विश्वास कमी पडला. ती आजही स्वतःलाच दोष देते.

देण्याविरुद्ध मी नाही. पण मलाखी ३ ऐकलं की माझे हात थरथरतात. या वचनाचं काय करायचं, कुणी सांगेल का?

---

नगरचा_नातू

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. त्यांच्या देण्यात खोट नव्हती. खोट घेणाऱ्यात होती.

मलाखीतला "खाऊन टाकणारा" म्हणजे कुणाच्या किडनीत शिरणारा आत्मा नाही हो. त्याच वाक्यात पुढे आहे, तो तुमच्या भूमीचं पीक नासणार नाही आणि द्राक्षवेल फळ गाळणार नाही. टोळधाडीसारख्या किडीची गोष्ट आहे, शेतकऱ्यांच्या राष्ट्राशी बोलणं चाललंय. आणि सहाच वचनं मागे, ३:५ मध्ये, देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? मजुराची मजुरी अडवणारे, विधवा आणि अनाथ यांना छळणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. आजाऱ्याच्या बायकोच्या बांगड्या उतरवणारा माणूस कुठल्या बाजूला बसतो ते तुम्हीच बघा. ३:१० सांगणाऱ्याने ३:५ आधी वाचून दाखवावं, एवढीच माझी मागणी आहे.

विधवेच्या दोन नाण्यांचंही तसंच. मार्क १२ मध्ये ती नाणी टाकते त्याच्या अगदी आधी येशू शास्त्र्यांबद्दल बोलतो, ते विधवांची घरं गिळतात. त्या बाईचा त्याने गौरव केला, पण तिच्यावर ती वेळ आणणाऱ्यांना त्याने सोडलं नाही.

---

शिस्त_हवी

@मी_अनामिक, वाचून वाईट वाटलं. मी दहा टक्क्यांचा आग्रह धरतो, पण दिलं की शंभरपट मिळतं असं म्हणून नाही. मी आभार म्हणून देतो. तुमच्या आईकडून तेव्हा काही मागायलाच नको होतं, मंडळीने वडिलांच्या डायलिसिसला पैसे द्यायला हवे होते.

---

वसईची_सून

नमस्कार. मी कॅथलिक, माहेर गिरगाव, सासर वसई. आमच्याकडे दहा टक्क्यांचा नियम नाही. चर्चच्या गरजांना आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावणं हे मात्र कर्तव्य म्हणून शिकवलं जातं. मिस्साच्या (उपासनेच्या) वेळचं दान वेगळं आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं वेगळं. उपवासकाळात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म असं तिन्ही एकत्र सांगतात, ते मला फार आवडतं. जे खाल्लं नाही त्याचे पैसे दुसऱ्याच्या ताटात जायला हवेत. नाहीतर तो नुसता पथ्याचा उपवास.

अबोली, तू विचारलंस ना, उरलेले तिघे कुठे आहेत? आमच्या पॅरिशमध्ये ते शोधायचं काम व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी करते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केलेली. त्यांची एक रीत आहे, गरिबाच्या घरी जायचं, आणि जोडीने जायचं. गरिबाला चर्चच्या ऑफिससमोर रांगेत उभं करायचं नाही. माझे सासरे त्यात आहेत. कुणाकडे जातात, किती देतात, हे सासूबाईंनाही ठाऊक नसतं. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाले, "सुने, त्या घराची अब्रू माझ्याकडे ठेव म्हणून दिलीय."

तुमच्या मंडळीत असं कुणी आहे का? नसेल तर ते आधी उभं करा. पैसे मागाहून येतात.

---

गिरगावकर_१९७०

मी ख्रिस्ती नाही, तरी अबोलीताईंनी इतरांना बोलावलंय म्हणून लिहितो. ज्याची ऐपत चिमटीभर आहे त्यालाही देणाऱ्यांत बसवायची रीत आपल्या मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायकांकडून मूठभर धान्य गोळा केलं, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. दळायला बसताना एक मूठ बाजूला. त्यावर मुलं शिकली. बाईच्या हातात रोकडा नसायचा, पण मूठ तिची होती.

तुमच्यातली ती थैली टाळणारी मुलगी वाचून हे आठवलं.

---

अबोली_भायखळा

@गिरगावकर_१९७०, मनापासून आभार! मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी नेमकं हेच केलंय. तिथे त्याला "बुहफाई थाम" म्हणतात, १९१० च्या सुमारास सुरू झालं. दर वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळे. नंतर ते गोळा करून विकायचे आणि चर्चच्या कामाला लावायचे. ज्या घरात पैसा नाही तिथेही तांदूळ शिजतोच, म्हणून कुणीच वगळलं जात नाही. शंभरावर वर्षं झाली, अजून चालू आहे. एक साताऱ्याकडे, एक पार ईशान्येत, आणि दोन्हीकडे बायकांची मूठ.

@वसईची_सून, आमच्याकडे गरीब निधी आहे, पण तो कुणी मागायला आलं तरच निघतो. शोधत कुणी जात नाही. हे मी नक्की मांडणार.

@मी_अनामिक, तुमच्या आईंसाठी आज रात्री प्रार्थना करते. नाव कळलं नाही तरी चालेल.

---

आकडेमोड

सीए आहे, कोरडं बोलतो, पण उपयोगी पडेल.

चर्चला दिलेल्या दशमांशावर आयकरात ८०जीची सूट मिळेल असं बरेच जण धरून चालतात. निव्वळ धार्मिक कामासाठीच्या ट्रस्टला ती साधारणपणे मिळत नाही. त्याच मंडळीचा वेगळा धर्मादाय ट्रस्ट असेल (दवाखाना, वसतिगृह) आणि त्याला मान्यता असेल तरच. तीही जुन्या करपद्धतीत. नवी करपद्धत घेतली असेल तर हा विषयच संपला. आणि २,००० च्या वर रोख दिलं तर सूट नाही.

क्यूआर कोडवरून देताना खातं ट्रस्टच्या नावावर आहे ना, एवढं बघून घ्या. कुणा व्यक्तीचं नाव झळकलं तर थांबा आणि विचारा.

---

कुलाबा_कॉजवे

आकड्यांच्या गर्दीत एका माणसाची आठवण करून देतो. जॉर्ज बोवेन. १८४८ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आले. लवकरच लक्षात आलं की मिशनरीचा पगार आणि बंगला घेऊन गरिबांपुढे उभं राहिलं की अंतर पडतं. पगार सोडला. गावातल्या वस्तीत एका साध्या खोलीत राहिले, जेमतेम पोटापुरतं कमावलं, "बॉम्बे गार्डियन" पत्र चालवलं आणि १८८८ मध्ये इथेच वारले. कुलाब्याचं बोवेन चर्च त्यांच्या नावाचं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, देवाचा दरबार नावाची भक्तमंडळी काढली.

या दोघांनी किती टक्के दिले असं विचारलं तर उत्तरच देता येणार नाही. सगळ्यांना ते जमणार नाही, मला तर नाहीच जमलेलं, दोन मुलं आहेत. पण दहा टक्के दिले म्हणजे उरलेले नव्वद माझे, हा हिशेब बोवेनसाहेबांच्या शहरात बसून करायला मन धजत नाही. त्या नव्वदांत मी कामवालीला काय पगार देतो, पावसात सुट्टी दिली तर कापतो का, तेही देवाच्याच वहीत आहे.

---

परळची_नर्स

रात्रपाळी संपवून लिहितेय, थोडक्यात.

परका, अनाथ, विधवा कुठे आहेत विचारताय? परळला या. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, सगळीकडची माणसं असतात. पेशंटला आत खाट मिळाली तरी बरोबरच्या माणसाला मुंबईत छप्पर नसतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खूप जणांची सोय होते, पण गरज कायम जागेपेक्षा मोठी. उपचारासाठी मदत मिळते, तरी गाडीभाडं, चहा-पोळी, औषधाच्या मधल्या आठवड्यांतलं खोलीभाडं यात कुटुंब रिकामं होतं.

चांगल्या मनाने येणाऱ्यांना एकच विनंती. फुटपाथवर नोटा वाटू नका, फोटो तर अजिबात नको. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. कुणाला काय हवंय ते तिथल्या लोकांना माहीत असतं. आणि पैसे नसतील तर वेळ द्या. भाषा न कळणाऱ्या माणसाबरोबर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत चालणं, हेसुद्धा त्याला फार मोठं असतं. मराठी-हिंदी बोलणारी मुलगी असेल, खिशात काही नसेल, तरी ती हे करू शकते.

---

नगरचा_नातू

सिस्टर, तुमचा शेवटचा परिच्छेद त्या जिन्यातल्या मुलीला दाखवायला हवा. पण तिला आधी तिच्या वडिलांजवळ बसू द्या. तिच्या घराला मंडळीने मदत करायची वेळ आहे. पौल २ करिंथ ८ मध्ये हेच म्हणतो, दुसऱ्यांची सोय आणि तुमची ओढाताण व्हावी असं नाही, समानता असावी. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरायची, उद्या त्यांच्यातून तुमची. ज्याच्याकडे जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही.

---

शिस्त_हवी

दोन दिवस विचार करत होतो. दहा टक्क्यांवर मी ठाम आहे, माझ्यासाठी. पण कर्जात असलेल्या घराला तो आकडा सांगणं योग्य नाही, हे मान्य. त्या घराला मंडळीने उलट द्यायला हवं, हे मी नातूंच्या पोस्टआधीच म्हणायला हवं होतं. अबोलीताई, मुलीचं नाव नको. वडिलांच्या औषधासाठी दर महिन्याला थोडं देऊ इच्छितो, तुमच्या पाळकांमार्फत. तिला माझं नाव कळू नये.

आणि दर महिन्याला म्हणतोय ते मुद्दाम. पंडिता रमाबाईंसाठी १८८७ मध्ये बॉस्टनला जी संस्था निघाली तिने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. त्या भरवशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडता आलं. एकदाच मोठी रक्कम देऊन गायब होणाऱ्यावर कुणी घर उभं करू शकत नाही.

---

अबोली_भायखळा

@शिस्त_हवी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. काय लिहू, देव बरं करो.

माझं ठरलंय ते सांगते. आईवडिलांचे पैसे मी दशमांशात धरणार नाही, तो त्यांचा हक्क आहे, दान नाही (नातूदादा, रागावू नका). मंडळीला दरमहा ३,०००, पगार झाला की बँकेतूनच जातील. १,५०० परळसाठी, सिस्टरनी सांगितलेल्या मार्गाने. दहा टक्के पुरे होत नाहीत, थोडे कमी पडतात. भावाची फी संपली की वाढवीन.

पुढच्या महिन्यात मंडळीची सर्वसाधारण सभा आहे. गरीब निधी वेगळा असावा, घरी जाऊन चौकशी करणारी जोडी असावी, आणि दर महिन्याचा हिशेब फलकावर लागावा, असं तिन्ही मांडणार आहे. महिला संघाच्या दोन मावश्या अनुमोदन देणार म्हणाल्यात. खजिनदार काका, हिशेबाचा नमुना मिळेल का? तुमच्या मंडळीत कसा लावायचात?

---

नगरचा_नातू

रागावलो नाही. फक्त आईला सांगू नका की तिचे पैसे "हक्काचे" आहेत. ती ८,००० परत पाठवून म्हणेल आधी तू जेव.

---

जुना_खजिनदार

नमुना साधा ठेवा, एका पानाचा. जमा बाजूला थैलीतलं अर्पण, पाकिटातले दशमांश, सणाचं उपकारस्तुतीचं अर्पण आणि क्यूआरवरचे पैसे, प्रत्येकाची वेगळी ओळ. खर्चात पाळकांचा पगार पहिल्या ओळीवर, म्हणजे थकला असेल तर सगळ्यांना दिसेल. दुरुस्ती निधी आणि गरीब निधी यांचे रकाने पूर्ण वेगळे, एकातून दुसऱ्यात उसनं घ्यायचं नाही, घेतलंच तर सभेचा ठराव. गरीब निधीखाली फक्त किती घरांना मदत झाली तो आकडा, नावं कधीच नाहीत. देणाऱ्यांची नावंही फलकावर नकोत. पावती प्रत्येकाच्या हातात गेली की पुरे.

थैली रविवारीच मोजा, उपासनेनंतर लगेच, दोघांनी, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. वहीत आकडा, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक. जोडी ठरवताना महिला संघातली एक बाई घ्याच. ज्या घरी मदत न्यायची तिथे दार बाईच उघडते आणि पुरुषांपुढे ती खरं सांगत नाही.

सभेत कुणी म्हणेल, आमच्यावर विश्वास नाही का. तेव्हा चिडू नका, २ राजे १२:१० वाचून दाखवा. तक्ता मराठीत टाइप केलेला आहे, तुम्हाला निरोपात पाठवतो. सभा झाली की काय झालं ते इथे कळवा.